पडलेली पिन

मला वाचवलं ते चेकिंगच्या नलूकाकूंनी. काय झालं ते सांगते, पण आधी त्यांचं 'शी'. मुलुंडच्या आमच्या गाळ्यात एखादा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, खराब दिसला की भातात झुरळ निघाल्यासारखं तोंड करून काकू म्हणायच्या, "शी." मशीनच्या कुजक्या तेलाने मला मळमळायचं, त्यांना 'चालतंय' या शब्दाने.

आठवीतून शाळा सोडून हिंगोलीहून आलेली मी. आपण कशाच्या पिना बनवतो हे मला त्यांनीच सांगितलं. माणसं नेणाऱ्या रॉकेटच्या टोकावर एक छोटं इंजिन असतं. उडताना खाली काही बिघडलं तर ते माणसं बसलेली कुपी ओढून लांब नेतं, मग पॅराशूट उघडतं. कुपी त्या इंजिनाला धरून ठेवायची ती आमच्या पिनांनी. "वर गेल्यार ता इंजिन टाकून देतत, मग वाचूक दुसरी वाट. पण सुरवातीक हीच एक वाट गो."

म्हणून नियम होता, जमिनीवर पडलेली पिन बाद मालाच्या लाल डब्यात. कितीही चांगली दिसो. "आतली चीर डोळ्याक दिसणा नाय."

माझ्या हातून एक पडली. नोकरी जाईल या भीतीने मी ती कुडत्याला पुसून ट्रेमध्ये ठेवली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच काकूंना सांगितलं. तोवर चाळीस पिनांचा खोका बंद झाला होता. त्यातली ती कुठली, कोण ओळखणार?

काकू माझ्याकडे बघून "शी" म्हणाल्या. पहिल्यांदाच माझ्यासाठी.

अख्खा खोका बाद करायचा म्हणून त्यांनी तो मालकांपुढे ठेवला. मालक दातातलं बोटाने कोरत होते. "अरे यार काकू, एका पिनेसाठी? चालतंय ना. रॉकेट काय रोज बिघडतंय?" तेच बोट त्यांनी खोक्याला पुसलं.

काकूंनी अख्ख्या खोक्यावर लाल फुली मारली.

"पाडली कोणी?" मालकांनी विचारलं.

"माझ्या हातसून पडली."

चेकिंगच्या वहीतही काकूंनी तसंच लिहिलं. इतक्या वर्षांच्या त्या वहीतलं ते एकच खोटं. दुसऱ्या दिवसापासून काकूंना कामावर घेतलं नाही. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या तेव्हा मी शेजारीच मान खाली घालून उभी होते. त्या उभं राहण्याची मला अजून किळस येते.

आता त्यांच्या टेबलाशी मी बसते. कोणी 'चालतंय' म्हटलं की माझ्याही तोंडून 'शी' निघतं, आणि आधी मलाच लागतं.

काकू, तुम्ही कांदिवलीला लेकीकडे आहात हे कळलंय. एक दिवस तुम्हाला घेऊन गाळ्यात येईन, मालकांसमोर ती वही उघडेन, आणि तुमचं नाव खोडून तिथे माझं लिहीन.