धुळे ते जळगाव, पायी: एकही मूल न दिसलेली गावं

माझी भाची दिवाळीत म्हणाली, "मावशी, तू एकदा धुळ्याहून जळगावला चालत गेली होतीस ना? लिही की त्यावर." मी हो म्हटलं आणि तीन महिने टाळलं. पायांना आलेले फोड, पारोळ्याची शेवभाजी, गिरणेचं पाणी हे सगळं लिहायला मजा येईल. पण या प्रवासात तिसरा दिवसही आहे. तो वगळून लिहिता येत नाही, म्हणून अडले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते, वय सव्वीस. आमच्या गल्लीत नाना राहायचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मोतीबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती आणि ऑपरेशनने ती परत आली. त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला: खेड्यापाड्यांत फिरून डोळे तपासणारी एक जीप हवी. त्यासाठी पैसे उभे करायला पदयात्रा काढायची. दुकानदारांनी, वकिलांनी आम्ही चालू त्या प्रत्येक किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करायची. कल्पना लोकांना आवडली. कुणी किती दिले तो हिशेब नानांकडे. माझ्याकडे फलक.

फलक म्हणजे दोन काठ्यांवर ताणलेला पांढरा मांजरपाट. त्यावर मी काळ्या ऑइलपेंटने एक डोळा काढला, हातभर रुंद. बुबुळात प्रकाशाचा ठिपका असा ठेवला की कुठूनही बघितलं तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटावं. नाना खूष झाले. "लांबून दिसेल," म्हणाले. खाली अक्षरंही होती, पण लांबून दिसायचा तो फक्त डोळा.

आम्ही सात जण. त्यातल्या दोघांची ओळख इथेच करून देते. एक प्रकाश, आरोग्य खात्यात काम केलेला, उत्साही, हातात वही आणि कर्णा. वाटेतल्या गावांत कुणा मुलाला नीट दिसत नसेल तर त्याचं नाव, वय, बापाचं नाव तो लिहून घ्यायचा, म्हणजे जीप आल्यावर आधी तिथे जाता येईल. दुसरी शकुंतला अक्का. चाळिशीची, खुर्च्या विणायची, लहानपणापासून आंधळी. मूळची भडगावकडची. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची आणि तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता.

पहिल्या दिवशी पांझरेच्या पुलावरून निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. जानेवारीतच जा, असं मी कुणालाही सांगेन. मार्चनंतर या रस्त्यावर सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. तेव्हा हायवे दुपदरी होता, कडेला निंब आणि बाभळी, ट्रक अगदी खेटून जायचे. आता चौपदरी झालाय आणि सावली गेलीय. बूट नवे घालू नका. मी घातले होते.

त्या दिवशी गावोगावची पोरं आमच्यामागे धावली. फलकाखालून शिवाशिवी खेळली. एका पोराने डोळ्याला सलाम ठोकला. रात्री एका गावच्या पाटलांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, वर कच्चा कांदा. ती चव पुन्हा मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारोळ्यात पोहोचलो. बाजाराचा दिवस होता, किल्ल्याच्या आसपास बैलगाड्याच बैलगाड्या. प्रकाशला एवढी गर्दी बघून राहवलं नाही. त्याच्याकडे मरणोत्तर नेत्रदानाचे छापील फॉर्म होते. तो एका गाडीच्या धुरेवर चढला आणि कर्ण्यातून ओरडू लागला, "डोळे दान करा! तुमचे डोळे दुसऱ्याला द्या!" बाजारात मागे उभ्या असलेल्या माणसाला यातलं किती ऐकू आलं असेल? मला तेव्हा हा प्रश्न पडला नाही. एक बाई मात्र लक्षात राहिली. तिने फलकाकडे बघितलं, कडेवरच्या पोराचा चेहरा पदराखाली घेतला आणि खरेदी अर्धी टाकून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी हायवे सोडून भडगावकडे आतल्या रस्त्याने निघालो. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस, मधूनमधून दादर ज्वारी उभी. पहिलं गाव आठच्या सुमारास लागलं. पारावर चार म्हातारे बसले होते. नानांनी रामराम घातला. कुणी बोललं नाही. चहाचं दुकान उघडं होतं, पण दुकानदाराने दूध संपलंय असं सांगितलं. त्याच्या मागे चुलीवर दूध उतू जात होतं.

दुसऱ्या गावात दारं उघडी होती आणि माणसं नव्हती. एका ओट्यावर गोट्या मांडलेल्या, डाव अर्धा. अंगणात पाटीवर ओली अक्षरं. दारांच्या चौकटींवर डांबराने फुल्या मारलेल्या होत्या, डांबर अजून चिकट होतं.

"शेतात गेले असतील," नाना म्हणाले.

"पोरंही?" मी विचारलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सकाळपासून आम्हाला एकही मूल दिसलं नव्हतं. एकही नाही. रडण्याचा आवाज नाही, पाळणा नाही, कडेवर काही नाही. मग मी मोजल्यासारखी बघू लागले. बायका होत्या, लांब, कापसात वाकलेल्या, आम्ही जवळ आलो की वाकलेल्याच राहायच्या. म्हातारे होते. मुलं नव्हती. अक्काचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला होता. "इथे फार शांत आहे," ती म्हणाली. "कुत्रीसुद्धा बांधून ठेवलीत."

तिसरं गाव अकराच्या सुमारास आलं. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. वेशीजवळच शाळा होती, दोन खोल्यांची, कौलारू. वार शाळेचा होता. एका खोलीचं दार सताड उघडं. आत फळ्यावर त्या दिवसाची तारीख, वळणदार अक्षरांत, आणि अर्धवट सोडवलेला भागाकार. जमिनीवर दप्तरं रांगेत. दुसऱ्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, खिडक्या बंद होत्या.

आम्ही व्हरांड्यात सावलीला बसलो. प्रकाश पाणी शोधायला निघाला. तेवढ्यात अक्का उठली. चाचपडत त्या बंद दारापर्यंत गेली आणि तिने कान लावला. बराच वेळ ती तशीच उभी होती.

"आठे पोरं शेतस," ती हळूच म्हणाली. इतक्या दिवसांत ती आमच्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलली. मग भानावर येऊन म्हणाली, "आत मुलं आहेत. खूप आहेत. श्वास घेतायत."

"अक्का, कुलूप आहे बाहेरून."

"मला कुलूप दिसत नाही. मला श्वास ऐकू येतोय."

खिडकीच्या एका फळीला चीर होती. मी तिला डोळा लावला. आधी नुसता अंधार. मग कौलातून आलेल्या उजेडाच्या दोनतीन रेघा. त्या उजेडात मुलं बसलेली दिसली, रांगेने, मांडी घालून, चाळीस तरी असतील. एकही हलत नव्हतं. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. फडकी, टॉवेल, लुगड्याचे काठ. मध्ये एक मास्तर बसले होते. त्यांचे डोळे उघडे होते. एका हाताने त्यांनी सगळ्यांत लहान मुलाचं तोंड दाबून धरलं होतं, आणि ते माझ्याकडे, त्या चिरेकडे बघत होते.

मी मागे झाले. वळून बघते तर व्हरांड्यासमोर माणसं उभी. कधी आली कळलंच नाही. तीस-चाळीस. हातात विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या खुंट्या. त्यांनी प्रकाशला दंडाला धरून आणलं होतं. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. तेच भयंकर होतं.

पुढे एक काटक माणूस आला. फलक भिंतीला टेकून ठेवला होता, त्याकडे त्याने विळा रोखला.

"हाऊ कोना डोया शे?"

नाना समजावू लागले, जीप, तपासणी, पदयात्रा. त्यांची शहरी मराठी त्या माणसांवरून ओघळून जात होती. मागून कुणीतरी म्हणालं, "धुयाथीन सात जन उना शेतस. पोरेसना डोया काढी लई जातस. नावं लिखतस आधी." म्हणजे आम्ही पोरांचे डोळे काढून न्यायला आलोय, आणि त्याआधी त्यांची नावं लिहून घेतो. प्रकाशची वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तिच्यात सोळा मुलांची नावं होती, बापाच्या नावासकट.

मग त्यांना अक्का दिसली. तिचे खोल गेलेले, पांढुरके डोळे. सगळे एक पाऊल मागे सरले आणि लगेच दोन पावलं पुढे.

"आनि हिना डोया कोनी काढात?"

मला वाटलं, संपलं. अक्काने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि एकटी पुढे गेली, आवाजाच्या दिशेने, विळ्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर.

"माले गोवर उनी व्हती, भाऊ. मी चार वरीसनी व्हती. डोया त्या तापमा गयात. कोनी काढात नहीत. आम्हना गावले डाक्टरच उना नही." तिने तिच्या गावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आईच्या माहेराचं सांगितलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने त्या माहेरच्या माणसांबद्दल दोन प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. विळा खाली आला, पण पुरता नाही.

"मंग हाऊ?" काटक माणसाने फलक उचलला. "हाऊ कोना?"

"माझा," मी म्हणाले. "आरशात बघून काढला. माझाच डावा डोळा आहे."

त्याने फलक माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. एकेक जण पुढे येऊन बघू लागला. आधी कापड, मग मी, मग पुन्हा कापड. इतक्या जवळून मला कधी कुणी बघितलं नव्हतं. पापणी मिटायची हिंमत होईना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटी त्या म्हाताऱ्याने माझ्या खालच्या पापणीशेजारच्या तिळाकडे बोट नेलं; तो तीळही मी फलकावर काढला होता.

"ठिपका बी तोच शे," तो म्हणाला. "हिन्हाच डोया शे. हिन्हा हिन्हापाशीच शे."

कुलूप उघडलं. मुलं एकमेकांचा हात धरून बाहेर आली आणि आयांनी पट्ट्या सोडल्या. मास्तरांचा सदरा घामाने भिजला होता. ते माझ्याशी नीट मराठीत बोलले. "मला खरं वाटत नव्हतं हो. पण चाळीस मुलं होती. तुम्ही काय केलं असतं?"

एका सहा वर्षांच्या मुलीची पट्टी सुटली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. उजेडाने ती डोळेसुद्धा मिचकावेना. दोन्ही बुबुळांत दुधाचे थेंब असावेत तसे पांढरे ठिपके. प्रकाश तिच्यासमोर खाली बसला. "जन्मतःच मोतीबिंदू आहे. काढता येतो," तो म्हणाला, आणि 'काढता' हा शब्द ऐकताच आईने मुलीला उचललं. बाप म्हणाला, "नाव लिखू नका." आम्ही लिहिलं नाही. फलक गुंडाळला आणि निघालो. वेशीपर्यंत ती सगळी माणसं आमच्यामागे चालत आली.

चौथ्या दिवशी सकाळी भडगावपाशी गिरणेत पाय सोडून बसलो होतो. पाणी गुडघाभर, स्वच्छ, फोडांना बरं वाटत होतं. अक्का अचानक म्हणाली, "कुणीतरी आलंय." मागे ती आई उभी होती, मुलगी खांद्यावर. एकटीच रात्र संपता संपता निघून आली होती. ती अक्काच्या समोर बसली आणि तिचा चेहरा बघत राहिली. मग विचारलं, "अक्का, अंधारामा काय व्हस?"

अक्काने विचार केला. "काहीच व्हत नही, माय. तेच ते."

ती बाई आमच्याबरोबर एरंडोलमार्गे जळगावपर्यंत चालली. मुलीला आम्ही आळीपाळीने उचललं. जळगावात हार, भाषणं, केळ्यांचे घड असं स्वागत झालं. पुढे वर्षभरात जीपही आली. मुलीचं ऑपरेशन तिथल्याच एका दवाखान्यात झालं. उशीर झाला होता, पण जाड भिंगांतून तिला दिसू लागलं असं पत्र आलं. त्यानंतर काही कळलं नाही.

मागच्या महिन्यात, हे लिहायचं ठरल्यावर, मी गाडीने त्या गावाला गेले. रस्ता डांबरी झालाय, शाळेला स्लॅब आहे. वेशीवरच्या टपरीत चहा घेतला. टपरीवाला पस्तिशीचा. सहज विचारलं, इथे पूर्वी काही वेगळं घडलं होतं का?

"घडनं व्हतं ना," तो लगेच म्हणाला. "मन्हा जलमना आधी. माय सांगे. सात जन उनथात धुयाथीन. मोठा डोया लई. त्यासनामा एक बिगर डोयानी बाई व्हती. गावनी एक पोर लई गयात."

"परत आली का ती?"

"हां, उनी ना. पन तिन्हा डोया बदली दिन्हात. आते तिले बठ्ठं दखास." त्याने आवाज खाली आणला. "लोके अजून बी तिन्हासमोर जास्त बोलतस नहीत."

मी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसले. तिचं घर कुठलं, हे विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही.

घरी आल्यावर अक्काला फोन केला. ती आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. सगळं मोठ्याने दोनदा सांगावं लागलं.

"तू सांगितलंस का त्याला, ते आपणच होतो म्हणून?"

"नाही."

"बरं केलंस. दिसतंय ना पोरीला? मग झालं."

अक्काचं झालं. माझं होत नाही. आम्ही सात चांगली माणसं चांगल्या कामाला निघालो होतो, आणि एका सकाळी चाळीस मुलं आमच्यामुळे अंधारात श्वास रोखून बसली. त्यातली एक आज सगळं बघते, आणि तिच्यासमोर गाव गप्प होतं. पुढच्या जानेवारीत मी पुन्हा जाणार आहे. या वेळी हातात काहीही न घेता, आणि तिच्या दारापर्यंत.