शोषखड्ड्यात उतरलेले मामा

दिवाळीनंतर आमच्या न्हाणीतलं पाणी जाईनासं झालं. उंब्रजजवळच्या आमच्या गावात जमीन काळी, चिकट. घरातलं सगळं सांडपाणी आधी टाकीत आणि तिथून परसातल्या शोषखड्ड्यात जिरायचं. आता खड्डा तुंबला होता. आजूबाजूची जमीन पायाखाली लिबलिबीत लागायची आणि मोरीतून काळं पाणी उलटं वर यायचं.

माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पंपानं खड्डा उपसल्यावर आतल्या विटांवर बुळबुळीत काळा थर दिसला. त्यामुळेच माती पाणी पीत नव्हती.

"खरवडून काढतो. तासाभराचं काम हाय," मामा म्हणाले.

नवरा नोकरीला पुण्यात. घरात सासूबाई आणि मी. असल्या खड्ड्यात माणसं गुदमरतात हे मी ऐकून होते. मी म्हटलं, "मामा, उतरू नका. मैला साफ करणारी गाडी बोलवू."

"बॉर्डरवर वर्सं काढली म्या. ह्या खड्ड्याला भ्यायचं व्हय?"

सासूबाईंनी मात्र दोर त्यांच्या काखेतून बांधल्याशिवाय शिडीला हात लावू दिला नाही. दोराचं दुसरं टोक आम्ही दोघींनी धरलं.

खाली खोऱ्याचा खरखर आवाज सुरू झाला. सडक्या अंड्यासारखा वास वर आला. मी पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "आता वास यायचा थांबला बग."

मला मात्र वर तो वास येतच होता.

"मामा, वर या!"

खरखर थांबली.

"आवं, बोला की!" सासूबाई ओरडल्या. दोर एकदम जड झाला.

आमचा आरडाओरडा ऐकून शेजारचे भाऊजी कुंपणावरून उडी मारून आले आणि थेट शिडीकडे धावले. मी त्यांचा सदरा धरला. "उतरू नका! दोर वढा!"

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण दोर धरला. हात सोलवटून निघाले. मामांचं डोकं वर दिसलं तेव्हा ओठ निळे होते. आम्ही त्यांना मोकळ्या हवेत ओढलं. बऱ्याच वेळानं त्यांनी श्वास घेतला, तोही घशात काहीतरी अडकल्यासारखा.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "सडक्या अंड्यासारख्या वासाचा तो वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही."

मामा वाचले. जुना खड्डा पक्का झाकून टाकला. परसाच्या कोरड्या बाजूला उथळ, लांब चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप टाकला. पाणी आता नीट जिरतं.

मामा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. पण ते न्हाणीत जरा जास्त वेळ राहिले, की सासूबाई दाराशी जाऊन हाक मारतात. आतून "हाय मी, हाय" असं ऐकू येईपर्यंत मी चुलीपाशी हात थांबवून उभी असते.