कोऱ्या पानावरचे अठरा धोके

धोंडिराम साळवे वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. ते निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. घाटकोपरच्या बाजारात भाजीवाल्याने काटा काढला की हे आधी वाकून काट्याखाली बघणार. बायकोने त्यांच्यासोबत बाजारात जाणंच सोडलं होतं.

असा माणूस वस्तीतल्या मुलींची लग्नं जुळवतो याचं नव्या माणसाला नवल वाटे, पण जुन्यांचा भरवसा त्यांच्यावरच होता. बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत ते वधूवर सूचक मंडळ चालवत. सून शीतलने वेबसाइट करून दिल्यापासून पार नागपूरपर्यंतची स्थळं येऊ लागली होती. दोनशे बारा मुलींचे फोटो आणि फोन नंबर त्यांच्या जबाबदारीवर होते. त्यातला एक जरी भलत्याच्या हाती लागला असता, तर विहारात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

मंगळवारी दुपारी फोन आला. अंधेरीतल्या कुठल्याशा वेबसाइट सुरक्षा कंपनीतून केयूर नावाचा मुलगा बोलत होता. धोंडिरामांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सर, तुमच्या साइटचं फ्री स्कॅन केलंय आम्ही. अठरा धोके निघालेत. लेडीजचे फोटो बाहेर विकले जातायत."

समोर मंडळाच्या चिटणीस नंदाताई बसल्या होत्या. त्यांच्या ऋतिकाचा फोटोही साइटवर होता.

"स्कॅन करायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सोशल सर्व्हिस समजा ना सर. आज पॅकेज घेतलंत तर संध्याकाळपर्यंत सगळं क्लीन. उद्याची गॅरंटी मी नाही देऊ शकत."

'आज' हा शब्द आला आणि धोंडिराम सावध झाले. गिऱ्हाइकाला घाई करणारा दुकानदार त्यांनी उभ्या नोकरीत सरळ पाहिला नव्हता. "रिपोर्ट पाठवा, बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. रिपोर्ट आला तो नुसता लालेलाल, वर कवटीचं चित्र, आणि आत समजेल असं एक वाक्य नाही.

तपासणीला गेले की धोंडिराम वजनांना हात लावायच्या आधी रिकामं पारडं बघत. काही न ठेवताच काटा झुकला, तर पुढे बघायची गरजच नसे. त्यांनी शीतलला बोलावलं.

"मला एक नवी साइट करून दे. आत काही घालू नकोस."

"काहीच नाही? मग करायची कशाला, बाबा?"

"कोरं पान पाहिजे मला. नाव काहीही ठेव."

गुरुवारी त्यांनी ते कोरं पान मंडळाच्या दुसऱ्या शाखेचं म्हणून केयूरला तपासायला दिलं. तासाभरात रिपोर्ट हजर. धोके मोजून अठरा. आणि तळाशी इशारा, लेडीजचे फोटो विकले जातायत.

धोंडिरामांनी लगेच फोन लावला. "केयूरभाऊ, त्या पानावर एक अक्षर नाही. मग फोटो कोणाचे विकले?"

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "सर, रिपोर्ट सिस्टीम काढते. मी फक्त कॉल करतो." आणि फोन कट झाला.

कित्येक वर्षांनी धोंडिरामांना नोकरीतला तो जुना आनंद झाला. त्यांनी दोन्ही रिपोर्ट नंदाताईंपुढे ठेवले. "घ्या. चोर रंगेहाथ पकडला."

नंदाताईंनी ते नीट वाचले. "म्हणजे आपल्या पोरींचे फोटो सेफ आहेत ना, भाऊ?"

धोंडिराम हो म्हणणारच होते. काटा खोटा निघाला होता, पण माल अजून कोणीच मोजला नव्हता. त्यांना स्वतःला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शीतलने साइट हौसेने केली होती, तिची नोकरी बँकेत. आणि ज्यांना कळतं म्हणावं, त्यांचा आता विश्वास कसा धरायचा? त्यांना त्या केयूरचा नव्याने संताप आला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग ऋतिकाचा फोटो काढून टाका."

"अहो ताई, तो खोटारडा होता. सिद्ध केलं ना मी?"

"तो बोलत होता तेव्हा मी घाबरले नव्हते भाऊ. म्हटलं, तुम्ही आहात ना. आता तुम्हीच माहीत नाही म्हणताय."

धोंडिरामांनी ऋतिकाचा फोटो काढला. मग उरलेल्या दोनशे अकरा घरांची यादी पुढे ओढून फोटो ठेवायचा की काढायचा हे विचारायला त्यांनी पहिला नंबर लावला.