रेणू चेंडू सोडत नाही

मेडशीच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की एक तांडा लागतो. तिथं भाऊसिंगचं घर विचारू नका. विचारलंत तर तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात, हे आधी तुम्हालाच सांगावं लागेल. कारण ज्याला विचाराल तो नेमका भाऊसिंगच निघेल. बाजारात वांगी घेतली तर एक तिथंच चिरून बघणारा माणूस. पोराची, बादलची, सोयरीक ठरवायच्या आधी हा बकऱ्यांचा व्यापारी बनून मुलीच्या गावात मुक्काम ठोकून आला. मुलगी सोन्यासारखी निघाली. पण सोंग उघडं पडू नये म्हणून येताना एक बकरी विकत घ्यावी लागली, ती लंगडी निघाली. गोमतीबाई अजून नवऱ्याला सुनावते, "मानसं पाहाच्या नादात बकरी पाहाची राह्यली!"

हा संशय त्याला लागला तो उसाच्या फडात. उभी जवानी त्यानं कोयता चालवला. तिथं एक गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली. चांगला तोडणारा गडी एकाएकी धिमा झाला, मोळी बांधताना रेंगाळू लागला, की समजायचं, दुसऱ्या मुकादमानं त्याला फोडला. त्याच्याच टोळीतला रूपला असा फुटला होता, आणि सगळ्या टोळीचा हंगाम वाया गेला होता. तेव्हापासून भाऊसिंगच्या लेखी धिमा माणूस म्हणजे फुटलेला माणूस.

आता त्याचा कोयता सुटला. बादल आणि सून तोडीला जातात, आणि नात रेणू आजा-आजीजवळ राहून शाळा शिकते. त्या शाळेत पौर्णिमा मॅडम आल्या आणि त्यांनी मुलींना अमेरिकेतला फुटबॉल शिकवायला घेतला. नाव फुटबॉल, पण खेळायचा हातानं! चेंडूही दोन्हीकडून निमुळता. भाऊसिंगनं तो दाबून पाहिला, कानाशी हलवून पाहिला.

"मॅडम, चेंडू असा नसते. दुकानदारानं गंडवलं तुमाले."

मॅडमनी हसून खेळ समजावला. प्रत्येकीच्या कमरेला पट्ट्या लटकतात. चेंडूवालीची पट्टी ओढली, किंवा तिनंच गुडघा टेकला, की डाव तिथंच थांबला. चार डावांत अर्धं मैदान ओलांडायचं, पुढच्या चारांत टोक गाठायचं. गाठलं तर सहा गुण, वर एका गुणासाठी एक जादा डाव. मग चेंडू समोरच्यांना. मैदान ओलांडता आलं नाही, तरी चेंडू त्यांनाच. घड्याळ चालूच राहतं, वेळ संपली की खेळ संपला.

"खेयू द्या," भाऊसिंग म्हणाला, "पन जराशी जरी खोट दिसली, तं पोट्टी खेळातून बंद. बादलपाशी फडावर धाडून देईन."

रेणू ते ऐकत उभी होती. नंतर ती प्रत्येक सामना अशी खेळली की जणू मागून कुणी लागलंय. एक डाव संपतो न संपतो तोच दुसरा सुरू! समोरच्या मुलींना दम घ्यायची फुरसत नाही. आसेगावच्या मुली तर निम्म्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भाऊसिंगला तेवढं पटलं. पळणारा माणूस फुटलेला नसतो.

शेवटचा सामना वाशिमला, शहरातल्या एका संघाशी. जिंकणाऱ्यांना पुढं अमरावतीला जायचं. सकाळीच भाऊसिंगनं पाहिलं, त्या संघाच्या गोपीचंद सरांनी मॅडमच्या हाती हळूच एक पिशवी दिली. मॅडम हसल्या. भाऊसिंगनं त्या पिशवीवरची नजर हलवली नाही.

आणि खेळ सुरू झाला तर काय! रेणू धिमी. चेंडू हातात घेऊन उभी. बुटाची नाडी बांधते, सोडते, पुन्हा बांधते. पंच घड्याळाकडे बघायला लागले की मग डाव सुरू, आणि फेकणार तो चेंडू हातभर लांब. निम्मा खेळ संपला तेव्हा गुण सात-सहा, रेणूचा संघ एकानं पुढं. पण भाऊसिंग तेवढ्यानं फसणारा नव्हता. फुटलेला गडीही पहिली मोळी घट्टच बांधतो.

तो तडक मैदानात शिरला आणि रेणूचा हात धरला. "चाल घरी."

"काहून, आबाजी?"

"तुमचा खेळ इकल्या गेला. इचार तुह्या मॅडमले, पिशवीत काय होतं!"

मॅडम गोंधळल्या. "पट्ट्या होत्या, बाबाजी. आपल्या दोन मुलींच्या तुटल्या, म्हणून सरांनी दिल्या."

"दुश्मनाच्या पट्ट्या? मंग त्या लवकर सुटाच्याच असतीन!" त्यानं सगळ्यांच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. सगळ्या सारख्याच सुटल्या. "मंग पयत काहून नाही पोट्ट्या?"

"त्यांच्याकडे बदलीला ढीगभर मुली आहेत, आपल्याकडे एकच. पळापळीत आपल्याच आधी थकतील."

"फुटलेला बी असंच सांगते."

आता रेणूनं हात सोडवून घेतला. "आबाजी, बजारात तुमी बकरीची दोरी गिऱ्हाइकाच्या हाती देता का?"

"सौदा झाल्याबिगर? कायले देईन!"

"मंग आमी चेंडू कायले देऊ? आमच्या हाती हाय तोवर त्या काय करतीन? अन् लांब फेकला तं मधात कोन घेईन, याचा भरोसा हाय का तुमाले?"

भरोसा! साऱ्या तांड्यात हा शब्द भाऊसिंगला कुणी विचारत नसे.  तो मागं सरून मैदानाच्या दोरीबाहेर बसला. पटलं होतं असं नाही; पण आपल्याच घरात इतकं संशयी लेकरू निपजलं, याचं त्याला आतून बरं वाटलं.

पुन्हा तेच रेंगाळणं सुरू झालं. बघणारे ओरडू लागले, "सेटिंग हाय, सेटिंग!"

भाऊसिंग उसळला. "सेटिंग तुह्या घरी! पोट्टीनं दोरी धरली हाय, दिसत नाही का बे?"

अगदी शेवटी, गुण अजून सात-सहाच असताना, मैत्रिणीची एक छोटी फेक रेणूच्या हाती आली. ती वळली आणि बघते तर समोर मैदान मोकळं! लोक ओरडले, "पय, रेणू, पय!" ती सुटली. भाऊसिंगच्याही ओठांवर तेच आलं होतं. पण त्याची नजर बाजूला गेली. शहरातली एक उंच मुलगी, आतापर्यंत सावलीसारखी रेणूच्या मागं असणारी, चक्क बाजूला सरकली होती. आणि गोपीचंद सर दोन्ही हातांनी आपल्या मुलींना खुणावत होते, जाऊ द्या, जाऊ द्या.

फुकट कोण वाट देतं?

टोक गाठलं की चेंडू त्यांच्या हाती जाणार, एरवी तो त्यांना वेळेत मिळणारच नव्हता! भाऊसिंग धोतर सावरत उठला आणि उभ्या जन्मात ओरडला नव्हता एवढ्यानं ओरडला, "रेणू, बस! खाली बस! वाट सोडून राह्यल्या त्या!"

रेणूनं टोकाच्या रेघेआधीच पाय रोवले आणि गुडघा टेकला. डाव थांबला. चेंडू तिचाच राहिला. मग पुढच्या डावासाठी ती जी सावकाश उठली, जी सावकाश माती झटकली, की तेवढ्यात खेळ संपल्याची शिट्टी वाजली.

मॅडम धावत आल्या. पंचांनी चेंडूसाठी हात पुढं केला. रेणूनं तो पोटाशी धरून आजाकडे पाहिलं.

"नोको देऊ!" भाऊसिंग दोरीपलीकडून ओरडला. "आंधी त्याले इचार, खरंच संपला का!"