डझनबाई आणि न उच्चारलेला सात

डझनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मी परत नेलेला ग्लास उजेडाकडे धरून तपासत होत्या. त्याला तडा होता आणि तो मीच घरी पाडला असणार, अशी त्यांची खात्री होती. "सर, इथून जाताना हा असा नव्हता," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षं शाळेत मी ज्या नजरेनं मुलांकडे पाहिलं, ती त्या दिवशी माझ्यावर रोखलेली होती. ग्लास मात्र त्यांनी मुकाट्यानं बदलून दिला.

काचसामानाच्या दुकानामागच्या खोलीत त्या बारा-बारा ग्लासांची खोकी बांधत, म्हणून हे नाव. बांधताना आकडे चालीवर म्हणत. कुणी आत आलं की एकदम गप्प.

गेल्या वर्षी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांचा टेम्पो चालवणारा भाचा होता. त्याच्या फोनवर नाचाच्या गाण्यांचा एक अल्बम होता. देशोदेशींचे ढोल, बासऱ्या आणि त्याखाली यंत्राचा एकसारखा ठोका. चौथं गाणं लागलं आणि त्या ठोक्यावर चक्क डझनबाईंचा आवाज आला. एक, दोन, तीन...

"माझं गाणं चोरलंय, सर. आधी मला ह्याचाच संशय आला."

"अगं मावशी, मीच तर तुला ऐकवलं!"

"ऐकवलंस म्हणूनच."

अल्बमच्या माहितीत लिहिलं होतं: पारंपरिक श्रमगीत, गायिका अनामिक. हे गीत म्हणणाऱ्या बायका सात हा आकडा उच्चारत नाहीत, तो अशुभ असल्याची त्यांची पुरातन श्रद्धा आहे.

"पारंपरिक म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कुणा एकाचं नसलेलं."

"पण हे तर मी केलंय. तिथं माझं नाव पाहिजे."

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. लहानपणी ऐकलेलं माणूस आपलंच समजून बसतो. निबंध तपासताना हे मी कितीदा तरी पाहिलंय.

"आईकडून ऐकलं असेल तुम्ही."

"आई कपडे शिवायची. ती कशाला ग्लास मोजेल?"

मी काम बघायला येतो म्हणालो. "बघायला, की माझी परीक्षा घ्यायला?" असं विचारून त्यांनी येऊ दिलं.

सहा ग्लास ठेवले की खोक्यातला पहिला थर भरे. त्यावर पुठ्ठा, आणि पुठ्ठा हलू नये म्हणून दोरीचा एक वेढा. दोरीचं टोक ताणून धरायला तिसरा हात नाही, म्हणून ते दातांत. वर सातवा ग्लास ठेवून पुठ्ठा दाबला गेला की टोक सुटे. त्यामुळे सहानंतर तोंडातून यायचं ते नुसतं "हंऽऽ", आणि मग मोकळा, खणखणीत "आठ".

पुरातन श्रद्धा ती एवढीच! मी त्याच दिवशी अल्बम करणाऱ्या संगीतकाराला पत्र लिहिलं: गाणं बाईंचंच आहे, एकदा येऊन बघा.

पंधरा दिवसांनी तो आला. पूर्वी मालकाला विचारून तो काचेचे आवाज टिपायला इथे येऊन गेला होता, आणि खोलीत फोन चालू ठेवून बाहेर थांबला होता. त्यात हे गाणं आलं, आणि बाईंना विचारायचं त्याला सुचलं नाही. तरी त्याचा संशय जाईना. "सर, अशी गाणी एकट्या माणसाची नसतात हो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. मग बाईंकडे वळला. "ताई, तुमच्यात सात का म्हणत नाहीत?"

"हंऽऽ," डझनबाई म्हणाल्या. दोरी दातांत होती.

"बघा, सांगत नाहीत," तो माझ्या कानात कुजबुजला.

बाईंनी टोक सोडलं आणि नवी दोरी कापून त्याच्यापुढे धरली. "धरा दातांत. घट्ट. आता म्हणा सात."

त्यानं म्हणून पाहिलं. खोकी उचलायला आलेला भाचा दारातच मटकन खाली बसून हसायला लागला. संगीतकाराचे कान लाल झाले. दोरी काढून तो म्हणाला, "चुकलं, ताई. तुमचं पूर्ण नाव सांगा." बाईंनी ते त्याच्याकडून तीनदा लिहून घेतलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा वेलांटी चुकली होती.

महिन्याभरात 'पारंपरिक' गेलं आणि तिथे त्यांचं नाव आलं, आडनावासकट. मी वाचून दाखवलं. मी त्यांचं मन राखायला वाचतोय असं वाटून त्यांनी भाच्याकडूनही वाचून घेतलं, मग दुकानाच्या मालकाकडून.

हल्ली गाण्याचे थोडे पैसे येतात, म्हणून त्या दुपारी दोनपर्यंतच काम करतात, आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला फोन बाहेर गल्ल्यावर ठेवायला लावतात. मलासुद्धा.