वाचणारी, भरणारी आणि तिसरा

निकालपत्रक दोघींनी मिळून करायचे असते. एकीने गुण वाचायचे, दुसरीने भरायचे, आणि भरून झाले की भरणारीने ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ ऐकू आल्याखेरीज वाचणारीने पुढची ओळ उच्चारायची नाही. नव्या शिक्षिकांना ही पद्धत मी आजही याच क्रमाने समजावते. वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीचा ‘हं’ कानावर पडला की तो आपल्या मालकीचा वाटू लागतो, एवढे मात्र सांगायचे टाळते.

माझी भरणारी म्हणजे आमच्या परळच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. मी मराठी शिकवते. मी गिरगावातून बसने येते, ती लालबागहून चालत. चारचौघांत आम्ही एकमेकींना ‘बाई’ म्हणतो. दोघीच असलो की तिच्या बोलण्यात मालवण उतरते आणि मी ‘गो’ होते.

जूनमध्ये शाळेच्या ग्रंथालयाला संकेतस्थळ मिळाले, आणि सारी पुस्तके त्यावर नोंदवण्याचे काम मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींकडे सोपवले. मी पुस्तक उघडून नाव, लेखक, विषय वाचायची. ती संगणकावर त्या त्या चौकटीत भरायची. संकेतस्थळ फार मंद होते. नोंद जतन होईपर्यंत तिची सून, माझे गुडघे, दोघींची पेन्शन असे सगळे विषय होऊन जात. त्या मंदपणाची तक्रार मी कधीही केली नाही.

आषाढ सरता सरता ती भाचीकडून नवीन काही शिकून आली.

“बघ गो, आता मी नुसतं सांगायचं. हा मेला सगळं भरतो.”

तिच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी होती. तिला टर्मिनल म्हणतात. तिथे चित्रे नसतात, बटणे नसतात, आज्ञा टंकायच्या असतात. त्या खिडकीत एक एआय सहायक बसवलेला होता. ती त्याला साध्या मराठीत काम सांगे आणि तो एकेक आज्ञा देऊन ब्राउझर चालवी. आधी पान उघडायचे. मग त्या पानाचे शब्दांतले वर्णन मागवायचे. त्यात प्रत्येक चौकटीला आणि बटणाला एक तात्पुरती खूण दिलेली असते. मग अमुक खुणेच्या चौकटीत नाव भर, तमुक खुणेचे बटण दाब, असे चालते. पान बदलले की जुन्या खुणा बाद. पुन्हा वर्णन मागवायचे, पुन्हा पाहायचे. पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, ही शिस्त मी वर्गात जन्मभर शिकवत आले. ती त्याच्यात आयती होती, आणि तेच मला सोसवेना.

आता ती पुस्तकांचे फोटो काढून त्याला देई. तो वाची, तोच भरी.

“आणि मी काय करू?” मी विचारले.

“तू बस निवांत. किती वर्षं घसा फोडलास!”

हे तिने मायेनेच म्हटले. मी बसले. पडद्यावर एकेक नोंद जतन होत होती आणि प्रत्येक नोंदीला ती त्या काळ्या खिडकीकडे पाहून म्हणत होती, “हं.” त्याला ते ऐकूही जात नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी वह्या तपासायच्या निमित्ताने शिक्षकखोलीत बसू लागले. तिथे चित्रकलेच्या बाईंनी गाठलेच.

“काय बाई, जोडी फुटली म्हणे? तुमच्या जागी रोबो आला?”

“रोबो नव्हे,” मी म्हणाले. “आज्ञांनी ब्राउझर चालवणारा सहायक आहे तो. शब्द नेमका वापरावा.”

“बघा! सवतीचं नाव किती चोख पाठ आहे!”

सगळ्याजणी हसल्या. मी एका निरपराध वहीवर लाल रेघ ओढली.

मग सातवीतल्या एका मुलीने संकेतस्थळावर ग्रहताऱ्यांचे पुस्तक शोधले. कपाटातून तेच पुस्तक काढून ती गणिताच्या बाईंपुढे उभी राहिली. “बाई, यात सगळीकडे कैरीच आहे.” ते लोणच्यांचे पुस्तक होते.

कारण मला लगेच कळले. आमच्याकडे पुस्तकाचे तपकिरी कव्हर धड असेल तर फेकत नाहीत. पुस्तक फाटून बाद झाले की त्याचे कव्हर त्याच मापाच्या दुसऱ्या पुस्तकावर चढते, पुष्कळदा वरच्या जुन्या नावासकट. म्हणून नाव नेहमी आतल्या पानावरचे वाचायचे. तिने फोटो कव्हरांचे काढले होते.

त्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा एका मंडळाची गणेशमूर्ती वर्कशॉपमधून निघाली होती. रस्ता बंद, दोघीही शाळेत अडकलो. ती शिक्षकखोलीच्या दारात आली.

“चल.”

“कुठे?”

“तुझ्या सवतीकडे.”

ग्रंथालयात तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवून त्या लोणच्यांच्या पुस्तकाच्या नोंदीवेळचा संवाद दाखवला. सहायकाने विचारले होते, ‘या नावाचे पुस्तक आधीच नोंदलेले आहे. आतल्या पानावरही हेच नाव आहे का?’ खाली तिचे उत्तर होते, ‘हो रे, दोन प्रती आहेत.’

“मी उघडलंच नाही गो,” ती म्हणाली. “उघडायचं काम तुझं होतं ना!”

या वाक्याने मी सुखावले. पण मत्सर काही शमला नाही. चूक त्याची निघाली असती तर बरे झाले असते. त्याने तर नेमका मी विचारला असता तोच प्रश्न विचारला होता.

मी पहिले पुस्तक उघडले आणि वाचू लागले. ती टंकून त्याला सांगत होती, तो नोंदी दुरुस्त करत होता. मधूनमधून “हं” येत होता. कोणासाठी, ते ढोलांच्या आवाजात समजत नव्हते. एका बांधणीत दोन पुस्तके निघाली तेव्हा तो थांबला. मुख्य नाव कोणते ठेवायचे, असा प्रश्न पडद्यावर आला.

“घे, तुलाच विचारतोय,” ती म्हणाली.

“पहिलं. दुसरं टिपेत घाल,” मी म्हणाले, तिच्याकडे पाहून.

तिने टंकले. नोंद जतन झाली. मी पुढचे पुस्तक हातात घेतले, पण मिटलेलेच ठेवले.

“वाच ना गो.”

“आधी ‘हं’ म्हण,” मी म्हणाले.