ड्वेनच्या नावाची लाल बंडी

ऑर्व्हिल श्लेगलच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात, नोकरांनी घालायची एक लाल बंडी दोन वर्षं घडी घालून पडली होती. बंडीवर पांढरा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नाव होतं ड्वेन. ड्वेन म्हणजे ऑर्व्हिलचा जावई. दुकान शेतीच्या सामानाचं, कोंबड्यांच्या खाद्यापासून ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत सगळं मिळायचं, आणि ऑर्व्हिल तिथला मॅनेजर. जावयानं हा फोनवरच्या कामांचा नाद सोडावा, बंडी घालावी आणि माणसासारखं नोकरीला लागावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं तो दर रविवारी जेवताना मांडायचा आणि वर एक प्रश्न विचारायचा.

"ड्वेन, पोरा, तुझा साहेब कोण?"

ड्वेन कुचेरा काँप्युटर दुरुस्त करायचा. आमच्या नेब्रास्कात गावं लांबलांब, आणि प्रत्येक गावात काहीतरी बंद पडलेलं. ज्याचं काम असायचं तो ते एका मोठ्या कंपनीला द्यायचा, ती मधल्या कंपनीला, मधली आणखी खालच्या कंपनीला, आणि सगळ्यांनी आपापला घास खाऊन झाला की उरलेलं खरकटं ड्वेनच्या फोनवर टुण्ण करून येऊन पडायचं. त्यात पेट्रोलचे पैसे सुटले तर नशीब. शिवाय ज्या दिवशी ज्या कंपनीचं काम, त्या दिवशी आपण तिचाच माणूस असं सांगायचा नियम होता. नावं लक्षात राहीनात म्हणून ड्वेन ती पेनानं तळहातावर लिहायचा. एकदा उन्हात घाम आला, नाव पुसलं, आणि त्यानं एका दातांच्या दवाखान्यात आदल्या दिवशीच्या कंपनीचं नाव ठोकून दिलं. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आता अशा माणसानं साहेबाचं नाव काय सांगायचं?

"साहेब असा नाही कुणी," तो म्हणायचा. ऑर्व्हिल मग बायकोकडे बघून मान हलवायचा आणि ताटातल्या बटाट्यांकडे वळायचा.

गेल्या महिन्यात ड्वेनचं एक काम नापास झालं होतं, कारण काम झाल्याचा पुरावा म्हणून पाठवायच्या फोटोत त्याचा अंगठा आला होता. कामं वाटणाऱ्या कंपनीनं कळवलं की आणखी एक नापास झालं तर तुमचं खातं बंद. ही बातमी रविवारच्या जेवणात फुटली. त्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा होता आणि चिलीसोबत दालचिनीचे गोड रोल, आमच्याकडे दोन्ही एकाच ताटात लागतात. ड्वेनच्या बायकोनं, ट्रूडीनं, चमचा खाली ठेवला.

"हे बघ, पुढचं काम नापास झालं तर सोमवारपासून बाबांची बंडी घालायची. शब्द दे."

ड्वेनच्या तोंडात रोल होता. त्यानं मान हलवली, आणि शब्द गेला.

मंगळवारी फोन टुण्ण वाजला. काम होतं दुकानातल्या नेटवर्कच्या कपाटात माजलेलं तारांचं जंगल नीट लावण्याचं. पत्ता ड्वेननं दोनदा वाचला. सासऱ्याचंच दुकान. नाही म्हणावं तर कंपनी कामाला जे पाच तारे देते त्यातला नाही म्हटल्याचाही एक कमी होतो, आणि त्याच्याकडे तारे उरले होते किती! बुधवारी सकाळी तो काउंटरसमोर जाऊन उभा राहिला. दुकानात कोंबडीची पिल्लं विकायला आली होती, त्यामुळे सगळीकडे चिवचिवाट होता आणि लोक पिल्लांची खोकी छातीशी धरून रांगेत उभे होते.

"काय हवंय?" ऑर्व्हिलनं विचारलं.

ड्वेननं तळहाताकडे बघितलं. "मी क्वेंडिल सिस्टिम्सकडून आलोय. तुमचं नेटवर्कचं कपाट…"

"ओळखपत्र?"

"ऑर्व्हिल, रविवारी मी तुमच्या घरी जेवलो."

"रविवारी जेवला तो माझा जावई. तू क्वेंडिलचा माणूस. ओळखपत्र दाखव."

रांगेतला पहिला माणूस पिल्लांच्या खोक्यावर हनुवटी टेकवून मजा बघत होता. ड्वेननं मुकाट्यानं गाडी चालवण्याचा परवाना काढला. ऑर्व्हिलनं तो पुढून मागून तपासला, फोटोशी तोंड ताडून पाहिलं, आणि मगच त्याला मागच्या खोलीत नेलं.

कपाट कुत्र्याच्या खाद्याच्या पोत्यांमागे होतं. उघडल्याबरोबर आतून निळ्या, पिवळ्या, करड्या तारा अंगावर आल्या. काही झाडूला गुंडाळल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात भिंतीला भोक होतं आणि त्यातून उंदीर यायचे म्हणून ऑर्व्हिलनं तिथं कधीकाळी खिळ्याला एक लाल फडकं अडकवून ठेवलं होतं. त्या फडक्याला असा वास होता की ड्वेननं ते दोन बोटांनी उचललं, मागच्या दारातून कचऱ्याच्या पेटीत टाकलं, आणि थोड्याच वेळात कचऱ्याची गाडी ते घेऊनही गेली.

मग त्यानं बाह्या सरसावल्या. काही म्हणा, ड्वेनला तारा लावण्याचं वेड होतं. एकेक तार सोडवून त्यानं सरळ केली, पट्ट्यांनी बांधली, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. संपलं तेव्हा कपाट शाळेच्या पहिल्या दिवशी तेल लावून भांग पाडलेल्या मुलासारखं दिसत होतं. तो मागे सरकून बघत राहिला.

ऑर्व्हिल आत आला. त्यानं चष्मा पुसून पुन्हा लावला. कपाटाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, पुन्हा कपाटाकडे बघितलं. आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कॉफी होती, तीसुद्धा त्याच्या स्वतःच्या कपात, ज्याला दुकानात कुणी हात लावत नसे.

"घे," तो म्हणाला. "गरम आहे."

दोन वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस त्याच्याशी बंडीचं नाव न काढता गोड बोलला होता! ड्वेनला इतकं भरून आलं की कॉफीनं जीभ भाजली तरी त्यानं हूं की चूं केलं नाही. सासरा बाहेर गेल्यावर त्यानं काम पास करून घ्यायला फोन लावला. बराच वेळ ताटकळत फोनवरची बासरी ऐकल्यावर कामं वाटणाऱ्या कंपनीतली मार्सेला नावाची बाई लायनीवर आली. तिच्या पडद्यावर ड्वेनचं नाव नसायचं, नुसता नंबर असायचा, म्हणून ती सगळ्यांनाच राजा म्हणायची.

"झालं का रे राजा? कामानंतरचा फोटो आला. वा! आता कामाआधीचा पाठव."

ड्वेनची पाचावर धारण बसली. कामाआधीचा फोटो त्यानं काढलाच नव्हता. आधी बंडीच्या विचारात आणि मग तारांच्या नादात तो साफ विसरला होता.

"तो… येतोच आहे," तो म्हणाला.

"त्याच्याशिवाय नापास होतं हं. मी थांबते लायनीवर."

ड्वेननं फोन पोत्यावर ठेवला. कपाटाकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं मन घट्ट केलं आणि पहिली पट्टी सोडली. तारा खाली लोंबल्या. आणखी दोन सोडल्या, हातानं जरा विस्कटल्या, लांबून बघितलं. छे! हा पसारा नव्हता, कुणीतरी पाहुणे येणार म्हणून मांडलेला पसारा होता. तो दोन्ही हात घालून तारा ओढायला लागला.

"कॉफीत साखर घालायची राहिली," असं म्हणत ऑर्व्हिल दारात आला आणि तिथंच थबकला.

"काय करतोयस?"

"कामाआधीचा फोटो काढायचाय."

"काम तर झालं."

"हो. पण त्याच्या आधीचा."

"आत्ता?"

"आत्ता."

ऑर्व्हिलनं साखरेच्या पुड्या खिशात घातल्या. जावयानं सकाळभर कमावलेली मर्जी त्याच्या चेहऱ्यावरून उतरली. "म्हणजे तू घाण साफ केलीस, आणि साफ केलीस हे दाखवायला आता पुन्हा घाण करतोयस."

"ऑर्व्हिल, हा फोटो गेला नाही तर काम नापास. नापास तर सोमवारी बंडी."

आता ऑर्व्हिलला काय, त्याला तर हेच हवं होतं. नुसता हातावर हात ठेवून उभा राहिला असता तरी सोमवारी जावई काउंटरवर आला असता. पण तो एकटक कपाटाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

"निळी इतकी वर नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"निळी तार. झाडूच्या दांड्यावर यायची. रोज सकाळी झाडू काढताना मी तिला शिव्या द्यायचो. सरक बाजूला!"

आणि तो शिरला. पसाऱ्याच्या बाबतीत ऑर्व्हिल श्लेगलचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नव्हता. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असायचं. पिवळी तार त्यानं करड्या तारेखालून घातली, दोन गाठी मारल्या, झाडू तिरका केला, एक रिकामा डबा आणून मधे कोंबला. "हा इथं का होता कुणालाच ठाऊक नाही, पण होता." एक तार जरा जोरात ओढली गेली आणि बाहेरून ओरडा आला, "ऑर्व्हिल, गल्ल्याचं मशीन मेलं!"

"कागदावर लिही, नोरीन!" ऑर्व्हिल कपाटातूनच गरजला. त्याच्या केसांत कोळ्याची जाळी अडकली होती आणि तो खुशीत होता. ड्वेननं फोटो काढून पाठवला आणि फोन कानाला लावला.

"राजा, आला फोटो," मार्सेला म्हणाली. "पण दुकानानं तक्रारीसोबत एक फोटो पाठवलाय. त्यात डाव्या कोपऱ्यात काहीतरी लाल लटकतंय. तुझ्या फोटोत ते नाही. मग हे तेच कपाट कशावरून?"

"ते फडकं होतं. मी टाकून दिलं."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे रे. पण माझ्या वरच्यांना लाल लागेल. माझी सुट्टी व्हायच्या आत पाठव, नाहीतर मला नापासचं बटण दाबावं लागेल."

"तक्रारीचा फोटो मीच काढला होता," ऑर्व्हिल हळूच म्हणाला. "चांगला यावा म्हणून दिवा पण धरला होता."

दोघं दुकानात लाल कापड शोधत फिरले. लाल डबे होते, लाल दिवे होते, लाल ट्रॅक्टरची खेळणी होती. कापड एकच होतं, आणि ते गल्ल्यावरच्या नोरीनच्या अंगावर होतं.

"नोरीनची बंडी मागू या का?" ड्वेननं विचारलं.

"उंदराच्या भोकाला लावायला? मशीन बंद पडलेलं असताना? तू माग. मी आतून कडी लावून घेतो."

ड्वेन तिथंच उभा राहिला. ऑर्व्हिल गेला. काउंटरखालचा खण उघडल्याचा आवाज आला, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ती बंडी होती. घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की झटकली तरी ती पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली.

"ही फार नवी दिसते," ऑर्व्हिल म्हणाला. त्यानं ती जमिनीवर टाकली आणि बुटांसकट तिच्यावर उभा राहिला. मग जावयाची उरलेली कॉफी तिच्यावर ओतली. मग पायानंच ती कपाटाखालच्या धुळीत फिरवून आणली.

"अहो, बिल्ला तरी काढा!"

"पिन गंजलीय."

"आणि सोमवारी मला लागली तर?"

ऑर्व्हिल थांबला. वाकून त्यानं बंडी उचलली आणि डाव्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली.

"नाही लागणार," तो म्हणाला. "काढ फोटो. अंगठा बघ."

फोटो गेला. दोघं फोनवर वाकले होते.

"लाल आलं," ती शेवटी म्हणाली. "पास. पाच तारे. पण राजा, त्या चिंधीवर नाव लिहिलंय. ड्वेन. हा कोण?"

ड्वेननं तोंड उघडलं, पण ऑर्व्हिलनं फोन आपल्याकडे ओढला.

"इथं कामाला येणार होता एकजण," तो म्हणाला. "त्याला दुसरीकडे बरं काम मिळालं."

मग कपाट पुन्हा लावायचं होतं. या वेळी ऑर्व्हिल एकेक पट्टी कापून देत होता आणि ड्वेन बांधत होता, त्यामुळे निम्म्या वेळात झालं. गल्ल्याचं मशीन जिवंत झालं. सही करताना कागदावर कंपनीचं नाव लिहायची जागा होती. ड्वेननं तळहात बघितला. घामानं आणि धुळीनं तिथं काळा डाग राहिला होता.

"क्वेंडिल," ऑर्व्हिल न विचारता म्हणाला. "सकाळी सांगितलंस की." त्यानं ते नीट अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि पेन टोपण लावून खिशात ठेवलं. "आता खरं सांग, ती बाई तुझी साहेब का?"

"नाही. तिच्यावर कुणीतरी आहे."

"कोण?"

"तिलाही माहीत नाही."

ऑर्व्हिलनं त्यावर विचार केला आणि सोडून दिला. त्यानं खिळ्यावरची बंडी काढली, तिचा बोळा केला आणि उंदराच्या भोकात अंगठ्यानं घट्ट बसवला. बिल्ला बाहेरच्या बाजूला राहिला.